समोरून ग्राफ सरळ, ६० अंशाला मात्र करवतीचे दाते. मोजणी चुकतेय की स्पीकरचा बॉक्सच तसा?

वूफरवेडा

मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

टू-वे स्पीकर बॉक्स बनवलाय, म्हणजे खालच्या आवाजाला वूफर आणि वरच्याला ट्वीटर. साडेसहा इंची वूफर, वर एक इंची सॉफ्ट डोम ट्वीटर, बॉक्स २२ सेंमी रुंद, ३८ उंच, ३० खोल, ट्वीटर रुंदीच्या अगदी मधोमध. क्रॉसओव्हर (वूफर संपून ट्वीटर लागतो ती वाटणी) डीएसपीतून, म्हणजे आवाजावर हिशोब करणाऱ्या डिजिटल सर्किटातून, ३ किलोहर्ट्झला, २४ डीबीवाला लिंकविट्झ-रायली प्रकारचा. माइक यूएसबीचा, सोबत कॅलिब्रेशन फाइल आलेली, मोजणीचं सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू. एक मीटरवरून समोर मोजलं तेव्हा ३ किलोहर्ट्झच्या आसपास अडीच-तीन डीबीचा खळगा होता, तो डीएसपीत भरून काढला आणि मग ग्राफ असा काही सरळ आला की दोन दिवस मी नुसता तोच बघत बसलो होतो.

पण गाणं लावलं की बाईचा आवाज टोचतो. 'स', 'श' नाही हं, त्याच्या खालचं काहीतरी, वरच्या पट्टीत गेलं की पत्र्यावर हात घासल्यासारखं होतं. बरोब्बर समोर खुर्ची लावून बसलो तर तेवढं नाही, सोफ्याच्या टोकाला बसलं की जास्त, आणि दाराबाहेर उभं राहिलं की सरळसरळ कर्कश्श.

म्हणून म्हटलं बाजूनेही मोजून बघू. स्टूल घेतलं, त्यावर टीव्हीखाली असतो तसला बेअरिंगचा फिरता पाट, त्यावर बॉक्स मधोमध ठेवला, कोनमापकाची मोठी झेरॉक्स काढून खाली चिकटवली. ट्वीटर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटरवर, छत २.४ वर. ०, १५, ३०, ४५, ६०, ९० अंशांना स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर वाजवून मोजणं) घेतले.

इथे चित्र चढत नाहीये म्हणून शब्दांत सांगतो. ० ला सरळ. ३० ला ३ किलोहर्ट्झवर टेकाड. ६० ला १ किलोहर्ट्झपासून पुढे वूफर घसरत जातो, अडीच-तीनला दरीच, मग ट्वीटर लागला की एकदम वर उडी, आणि ५-६ किलोहर्ट्झच्या वर दातेच दाते, साधारण १७०० हर्ट्झच्या अंतराने एकेक. शिवाय उजवीकडचा ३० आणि डावीकडचा ३० सारखे येत नाहीत, दीड-दोन डीबी फरक आहे. बॉक्स तर दोन्ही बाजूंनी सारखाच आहे ना!

यातलं खरं काय आणि मोजणीतला कचरा काय हे कसं ओळखायचं?

ओळंबा

वूफरवेडा, मोजायला घेतलंत हेच मोठं आहे, बहुतेक जण समोरच्या सरळ रेषेवर खूश होऊन बॉक्सला पॉलिश मारायला घेतात.

तुम्ही लिहिलंय "पाटावर बॉक्स मधोमध". तिथेच घोडं पेंड खातंय. पाट फिरतो स्वतःच्या मध्याभोवती, आणि तुमचा बॉक्स ३० सेंमी खोल, म्हणजे ड्रायव्हर (वूफर आणि ट्वीटर) त्या मध्यापासून १५ सेंमी पुढे. फिरवलं की ड्रायव्हर जागच्या जागी वळत नाही, कमानीत सरकतो. गणित करून बघा. माइक बॅफलपासून (बॉक्सच्या समोरच्या फळीपासून) १ मीटर, म्हणजे आसापासून (पाटाच्या मध्यापासून) १.१५. पाट ६० अंश फिरवला की ड्रायव्हर माइकपासून १.०८ मीटरवर जातो आणि बाजूलाही १३ सेंमी सरकलेला असतो, त्यामुळे माइक त्याला ६० अंशात दिसतच नाही, दिसतो ६७ अंशात. ३० चा होतो ३४, ९० चा होतो ९७. पातळीतही ६० ला पाऊण डीबीच्या आसपास आणि ९० ला सव्वा डीबी फुकट पडते. कागदावर ६० लिहिलंय म्हणून ते ६० होत नाही.

उपाय साधा. पाटावर एक लांबट फळी स्क्रूने पक्की करा आणि बॉक्स मागे सरकवा, इतका मागे की बॅफलचा पृष्ठभाग बरोबर आसाच्या वर आला पाहिजे. वजन मागे जाईल, म्हणून फळी मागे लांब हवी आणि पाट चांगला रुंद हवा, नाहीतर स्वीपच्या मध्यात बॉक्स लोटांगण घालेल (माझ्याकडे घातलंय, वूफरची जाळी होती म्हणून वाचला). मग छताला दोरा बांधून ओळंबा सोडा, टोक पाटाच्या मध्यावर, दोरा ट्वीटरच्या समोरून गेला पाहिजे. पाट सावकाश पूर्ण फिरवा. दोरा ट्वीटरच्या मधूनच दिसत राहिला तर आस जुळला, डावी-उजवीकडे पळत असेल तर अजून सरकवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता डाव्या-उजव्या ३० चा फरक. सारखा बॉक्स, मधोमध ट्वीटर, तरी दोन बाजू वेगळ्या येतात म्हणजे तुमचा शून्यच शून्यावर नाहीये. बॉक्स थोडा तिरका बसलाय किंवा माइक मध्यरेषेवरून सटकलाय. याचा उलटा फायदा घेता येतो, शून्य शोधायला कोनमापकावर विसंबू नका, +३० आणि −३० मोजा आणि दोन्ही रेषा एकमेकींवर बसेपर्यंत बॉक्स अर्धा-अर्धा अंश हलवा. बसल्या की जिथे आहे तिथे शून्याची खूण करा. मी तर सगळ्यात आधी हेच करतो.

आणि हो, माइक हलवायचा नाही. बॉक्स फिरवायचा, माइकचं नाक कायम बॅफलकडे, म्हणजे कॅलिब्रेशन फाइलही ० अंशाचीच. आवाजाच्या बटणाला मधे हात लावायचा नाही, बाजूने कमी येतोय म्हणून वाढवलं की सगळं मुसळ केरात.

खटका

एवढा उपद्व्याप कशाला राव. ट्वीटरच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) ३० आणि ६० अंशाच्या रेषा छापलेल्याच असतात, वूफरच्याही असतात. त्या बघा आणि ट्रेबल दोन डीबी खाली आणा, टोचणं थांबेल. मी दहा वर्षं असंच करतोय, कुणी तक्रार केली नाही.

तिरपागडा

खटकाभाऊ, तक्रार करणारे उठून गेले असतील 😀

गंमत सोडा, पण दोन्ही गोष्टी पटत नाहीत. डेटाशीटवाले ड्रायव्हर मोजतात तो मोठ्या बॅफलवर. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेला बॅफल १६५० बाय १३५० मिलीमीटरचा आहे, जवळजवळ दरवाजाच. त्याच्या कडा ड्रायव्हरपासून लांब, आणि ड्रायव्हर मुद्दाम मध्यापासून सरकवून बसवतात. तुमचा-आमचा बॉक्स २२ सेंमी रुंद. ट्वीटरपासून कड ११ सेंमीवर. त्या कडेवरून आवाज पुन्हा पसरतो आणि मूळ आवाजात मिसळतो, डेटाशीटमध्ये त्यातलं काहीच नसतं. शिवाय बऱ्याच डेटाशीटच्या रेषा इतक्या गुळगुळीत केलेल्या असतात की त्यावर इस्त्री फिरवली की काय असं वाटतं.

ट्रेबल खाली आणायचं म्हणाल तर ईक्यू (ट्रेबल-बास कमीजास्त करणं) कोन ओळखत नाही. समोर २ डीबी खाली आलं की ६० लाही २ डीबीच खाली येणार. समोर आणि बाजू यांच्यातला *फरक* तसूभर बदलत नाही. आणि वूफरवेडांचा त्रास मला तरी त्या फरकाचाच वाटतोय, समोर बसलं की बरं आणि दाराबाहेर कर्कश्श हे लक्षण दुसऱ्या कशाचं असणार?

साडेसहा इंची वूफरचा हलणारा शंकू धरा ६.५ सेंमी त्रिज्येचा. सपाट पिस्टन समजून हिशोब केला तर ६० अंशाला तो १८०० हर्ट्झवर समोरच्यापेक्षा ४ डीबी खाली असतो, २ किलोहर्ट्झवर ५, आणि ३ किलोहर्ट्झवर तब्बल १४ डीबी. त्याच ३ किलोहर्ट्झला एक इंची डोम ६० अंशाला अर्धा डीबीही पडत नाही. म्हणजे तुमचा क्रॉसओव्हर जिथे आहे तिथे खालच्या बाजूचा ड्रायव्हर टॉर्चसारखा झालाय आणि वरचा ड्रायव्हर उघड्या बल्बसारखा. समोरून दोघांची बेरीज सरळ, बाजूने दरी आणि मग कडा. खरा शंकू पिस्टनसारखा अखंड हलत नाही, वरच्या फ्रीक्वेन्सीला त्याचा मधला भागच जास्त काम करतो, त्यामुळे प्रत्यक्षात १४ च्या जागी ९-१० दिसेल कदाचित, पण चित्र तेच.

भिंतींवरून परत येणारा आवाज हा या बाजूच्याच आवाजाचा असतो. म्हणूनच स्पीकर मोजण्याच्या सीटीए-२०३४ या अमेरिकी मानकात आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशाला मिळून ७० मोजण्या घ्यायला सांगितल्यात. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले होते, त्यातही समोरून सपाट *आणि* बाजूने एकसारखे उतरत जाणारे स्पीकरच लोकांना आवडले. नुसते समोरून सपाट नव्हे.

खटका

बरं बाबा, १४ डीबी म्हणजे जास्तच झालं. गप्प बसतो. वाचतोय.

मिलिसेकंद

वरचं सगळं बरोबर आहे पण दात्यांचं कुणी बोललंच नाही. पिस्टनच्या गणितात १७०० हर्ट्झच्या समान अंतरावर दाते येत नाहीत. समान अंतरावर दाते म्हणजे एक आवाज दोनदा येतोय, दुसऱ्यांदा थोडा उशिरा. १७०० चा उलटा ०.५८ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात आवाज २० सेंमी जातो. कुठून तरी २० सेंमीचा वळसा घालून येतोय.

तुमची खोली बघता जमिनीवरून येणारा आवाज २.६ मीटर चालतो, सरळ येणारा १ मीटर, फरक १.६ मीटर म्हणजे ४.६ मिलिसेकंद. छतही तेवढंच लांब. तेवढा गेट लावलात (म्हणजे तेवढ्या वेळानंतर आलेला आवाज हिशोबातून वगळलात) तर जमीन-छत दोन्ही कापली जातात. पण ०.५८ वरचं गेटच्या आतच आहे, ते कापायला गेलात तर निम्मा मिडरेंज हातचा जाईल. म्हणून ते शोधूनच काढावं लागेल.

हे करा. इम्पल्सचा ग्राफ (एका क्षणिक ठोक्यानंतर माइकला काय काय आणि कधी पोचलं ते दाखवणारा) उघडा, ०, ३० आणि ६० चे एकमेकांखाली लावा, मुख्य टोकं एका रेषेत आणा, आणि पहिल्या १ मिलिसेकंदात काय काय बारीकसारीक आहे ते बघा. प्रत्येक कोनात एकाच जागी उभं राहणारं जे काही असेल ते माइकच्या बाजूचं, कोन बदलला की सरकणारं ते बॉक्सच्या बाजूचं. कारण तुम्ही फिरवताय बॉक्स, माइक नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे प्रश्न ग्राफ बघताच सुटतात.

आणि एक खरं सांगा, समोरचा ग्राफ आणि ६० चा ग्राफ एकाच स्मूदिंगने (रेषा सारखीच गुळगुळीत करून) बघताय का?

वूफरवेडा

तोंड लपवायला जागा नाही. समोरचा १/३ ऑक्टेव्हने बघत होतो (तोच दोन दिवस बघत बसलेला!), बाजूचे कसलंच स्मूदिंग न लावता. आत्ता सगळे विनास्मूदिंग लावले तर समोरच्यातही दाते आहेत की! तेवढेच, त्याच जागी.

इम्पल्समध्ये:
०.५८ वर एक छोटं शिंग, तिन्ही कोनांत एकाच ठिकाणी, हलत नाही.
० ला ०.३४ वर एक बारीक खळी, उलट्या दिशेची. ३० ला ती तिथे नाहीच, त्याऐवजी ०.१६ च्या आसपास एक आणि ०.४८ ला एक, दोन्ही आणखी बारीक. ६० ला नीट दिसत नाही, मुख्य टोकाला चिकटल्यासारखं काहीतरी आहे.

मिलिसेकंद

वा! याहून स्वच्छ पुरावा काय हवा.

०.५८ हलत नाही म्हणजे माइकची बाजू. २० सेंमीचा जादा रस्ता म्हणजे आवाज माइकच्या पुढे १० सेंमी जाऊन कशावर तरी आपटून १० सेंमी परत येतोय. माइकच्या टोकापासून मागे १० सेंमीवर काय आहे? पट्टी लावून बघा. मी पैज लावतो, स्टँडचा क्लॅम्प.

०.३४ म्हणजे ११.६ सेंमी. तुमची कड ट्वीटरपासून ११ सेंमी, आणि तिथून माइकपर्यंतचा तिरपा रस्ता अर्धा सेंमी जास्त. जुळलं. समोरून डावी-उजवी दोन्ही कडा सारख्या अंतरावर म्हणून दोघींचा आवाज एकाच वेळी पोचतो आणि एकच ठळक खळी दिसते. ३० ला वळवलं की एक कड माइकच्या जवळ आली, तिचा वळसा साडेपाच सेंमी, दुसरी लांब गेली, तिचा साडेसोळा. ०.१६ आणि ०.४८. तुमचेच आकडे.

आता दुखण्याच्या मुळाशी या. कडेवरून येणारा आवाज उलट्या दिशेचा असतो, त्यामुळे तो वळसा पूर्ण एका तरंगलांबीएवढा झाला की मूळ आवाजाला खातो. ११.६ सेंमी ही तरंगलांबी कितीची? २९५० हर्ट्झची. तुमचा ३ किलोहर्ट्झचा खळगा हा ट्वीटरचा दोष नव्हताच, तो दोन कडांचा एकाच वेळी पोचण्याचा योग होता, आणि तो फक्त समोरच्या जागी होता. ३० ला दोन्ही कडा वेगवेगळ्या वेळी येतात, खळगा आपोआप भरून येतो. तुम्ही मात्र तो डीएसपीने सगळ्याच दिशांना ३ डीबीने भरलात. समोर सपाट झालं, बाकी सगळीकडे टेकाड उभं राहिलं. नेमकं ३ किलोहर्ट्झला, जिथे कान सगळ्यात तिखट असतो, आणि जिथे वूफर बाजूला पडून ट्वीटर एकटाच खोली भरतोय. आगीत तेल.

खळगा भरण्याआधी दुसरा कोन बघायचा, हा माझ्यापुरता नियमच आहे. सगळ्या कोनांत तसाच राहणारा खळगा किंवा टेकाड ड्रायव्हरचं, ते ईक्यूने दुरुस्त होतं. कोनाबरोबर पळणारं वाटेत तयार होतं, त्याला ईक्यू लावणं म्हणजे सावलीला रंग देणं.

ओळंबा

मिलिसेकंद यांच्याशी सहमत, फक्त एक पुस्ती. क्रॉसओव्हरच्या जागचा खळगा दोन ड्रायव्हरांची फेज (लाटांचं एकमेकींच्या मागे-पुढे असणं) न जुळल्यानेही येतो, आणि तुमचा क्रॉसओव्हर नेमका ३ लाच आहे. त्यामुळे वूफरची वायर काढून ट्वीटर एकटा मोजा. एकट्यातही खळगा असेल तर कडा. नसेल तर फेज. दुसरी खूण अशी की फेजचा खळगा आडवं फिरवून फारसा हलत नाही कारण दोन्ही ड्रायव्हर एकाच उभ्या रेषेत आहेत, पण वर-खाली कोन बदलला की लगेच हलतो.

ट्वीटर एकटा मोजताना स्वीप ५००-६०० हर्ट्झपासून वर घ्या आणि ॲम्पच्या ठोक्यापासून वाचवायला सीरिजमध्ये ४७ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर टाका. डीएसपीचं चॅनल चुकून उलटं लागलं तर खालचा सगळा माल डोममध्ये जातो. कसं माहीत ते विचारू नका.

वूफरवेडा

क्लॅम्पच होता!! टोकापासून साडेदहा सेंमीवर. माइक एका बारीक नळीत घालून स्टँड पाऊण मीटर मागे नेला, शिंग गायब, दाते गायब. मी तो क्लॅम्प मुद्दाम पुढे घेतला होता माइक डुगडुगू नये म्हणून.

ट्वीटर एकटा मोजला, खळगा त्यातही आहे, म्हणजे कडाच. बॅफलच्या कडांना रंध्याने गोलाई देऊन बघू का? एक-दीड सेंमीची जमेल.

तिरपागडा

दिसायला छान दिसेल. ३ किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेअकरा सेंमी आहे, तिला दीड सेंमीची गोलाई जाणवतही नाही. ८-१० किलोहर्ट्झला थोडा फायदा होईल. या खळग्यासाठी ट्वीटर मध्यापासून बाजूला सरकवलात तर जास्त उपयोग, कारण मग दोन्ही कडा समोरूनही वेगवेगळ्या वेळी येतील, पण त्यासाठी बॅफल नवा कापावा लागेल आणि डावा-उजवा बॉक्स आरशातल्यासारखा वेगळा करावा लागेल. मी तुमच्या जागी असतो तर खळगा तसाच सोडला असता. समोरून बाजूला सरकत गेलं की तो भरत जातो, कानाला कळत नाही.

हात घालायचाच तर क्रॉसओव्हरला घाला. ट्वीटरचा रेझोनन्स (त्याची स्वतःची नैसर्गिक कंपनाची फ्रीक्वेन्सी) किती आहे? त्याच्या दुपटीच्या वर राहून जेवढं खाली आणता येईल तेवढं आणा. १८००-१९०० जमलं तर ६० अंशाला वूफर ४-५ डीबीच पडलेला असतो आणि तिथून ट्वीटर हातात घेतो, पायरी खूपच लहान होते.

वूफरवेडा

रेझोनन्स ८०० छापलाय. १९०० ला आणतो मग. आवाज फार मोठा लावत नाही आम्ही, सोसेल बहुतेक.

अर्धवटराव

मधेच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे ६० अंशाचा ग्राफ ३०० हर्ट्झच्या खाली फारच गुळगुळीत येतो, म्हणजे ते चांगलंच ना? आणि तिथे बाजूने आणि समोरून फरकच दिसत नाही.

मिलिसेकंद

गुळगुळीत येतो कारण तिथे माहितीच नाही. साडेचार मिलिसेकंदांचा गेट म्हणजे साधारण दर २२० हर्ट्झला एकच खरा बिंदू, मधली रेघ सॉफ्टवेअर जोडतं. २०० ते ४०० च्या मधे तुमच्याकडे जेमतेम एक खरा आकडा आहे. त्याच्या खाली जे दिसतं त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

खालच्यासाठी माइक वूफरच्या शंकूला जवळजवळ टेकवून मोजतात, अर्ध्या सेंमीवर. ध्वनी अभियंता डॉन कील यांचा १९७४ चा पेपर आहे त्यावर, पद्धत अजूनही तीच. साडेसहा इंचीला ती साधारण ८०० हर्ट्झपर्यंत चालते. त्यात बॅफलचा परिणाम हिशोबाने मिसळायचा आणि ३००-४०० च्या आसपास गेटवाल्या रेषेला जोडायचं. तेवढ्या खाली असा बॉक्स सगळीकडे जवळपास सारखाच वाजतो, म्हणून एकच जवळची मोजणी ०, ३०, ६० सगळ्यांना जोडली तरी मोठी चूक होत नाही. मागच्या बाजूच्या कोनांना मात्र बॅफलचा हिशोब वेगळा लावावा लागतो.

वूफरवेडा

चार दिवसांनी हजर. आस ओळंब्याने जुळवला, फळी मागे अर्धा मीटर लांब घेतली. +३० आणि −३० जुळवायला दीड तास गेला आणि शेवटी कळलं की बॉक्स दोन अंश तिरका होता, कोनमापकाची झेरॉक्सच एका बाजूला ताणलेली निघाली. आता दोन्ही रेषा १० किलोहर्ट्झपर्यंत एकीवर एक बसतात, वर थोडं मागेपुढे.

डीएसपीतला ३ किलोहर्ट्झचा बूस्ट काढला. क्रॉसओव्हर १९०० ला. समोर आता २९०० च्या आसपास खळगा दिसतो, १५ ला निम्मा, ३० ला नाही. ६० ची दरी होती ती आता उतार झालीये, १ किलोहर्ट्झपासून हळूहळू खाली, १९०० ला एक छोटी पायरी, दीड-दोन डीबीची, आणि पुढे पुन्हा उतार. आधी ३ किलोहर्ट्झजवळ आठ डीबीची उडी होती.

ऐकायला? समोरच्या खुर्चीत फारसा फरक नाही, खरं सांगतो. सोफ्याच्या टोकाला मात्र जमीन-अस्मानाचा. काल दाराबाहेरून ऐकत होतो आणि आत कुणीतरी गातंय असं वाटलं, आधी आत स्पीकर वाजतोय असं वाटायचं.

आता उभ्या दिशेचं मोजायचंय. त्यासाठी स्टँड वर-खाली करू की काय?

ओळंबा

स्टँड कशाला, बॉक्स त्याच फळीवर आडवा पाडा, कुशीवर. पाट तोच, खुणा त्याच, आता आडवं फिरवलं की बॉक्सच्या दृष्टीने ते वर-खाली होतं. फक्त ट्वीटरची उंची बदलेल, २२ सेंमी रुंद बॉक्स आडवा म्हणजे ट्वीटर फळीपासून ११ वर, तर स्टुलाखाली काहीतरी देऊन पुन्हा १.२ मीटरला आणा नाहीतर गेट बदलावा लागेल. आणि आडवा पाडल्यावर फळी बॅफलच्या पुढे एक सेंमीही डोकावता कामा नये, ११ सेंमीवरून लगेच परत फेकते. तसं काही इम्पल्समध्ये दिसलं आणि कोनाबरोबर सरकलं तर आता तुम्हाला माहितीये कुठे बघायचं.

वूफरवेडा

डोकावतेय. दोन सेंमी. करवत आणतो.